जावक क्रमांक १

संपादक काकूंचा मेसेज आला, "दिवाळी अंकासाठी तुझ्या कामाचे अनुभव लिही." मी लिहिलं, काकू, मी अजून विद्यार्थिनी आहे, शेवटच्या वर्षाला, माझे अनुभव कसले. त्यांचं उत्तर आलं, "बाकी सगळे रिटायर झालेले लिहितायत. आत्तापर्यंत चार लेख आले आणि चारही जणांचं प्रमोशन झालंय. तू लिही."

म्हणून बसलेय. मी टायपिंग फार फास्ट करते, त्यामुळे कुठे थांबायचं ते कळत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

आधीच सांगून टाकते. या लेखात माझ्या कॉलेजचं नाव नाही, क्लिनिकचं नाही, माझं आडनाव पण नाही. विसरले नाहीये. का नाही ते पुढे वाचलंत की कळेल.

तर मी कायरोप्रॅक्टिक शिकते. आपल्या इथल्या मराठी मंडळात याचा अर्थ "ती कट्कन मान मोडणारी मुलगी" असा होतो. पॉटलकला, म्हणजे घरोघरचे डबे घेऊन जेवायला जमलं की, कोणीतरी हातात ताट घेऊन येतं, माझ्याकडे पाठ करून उभं राहतं आणि म्हणतं, "इथे बघ गं जरा, खांद्याच्या खाली." मी म्हणते, काका, इथे नाही, क्लिनिकला या. "अगं दोन मिनिटांचं तर काम आहे."

दोन मिनिटांचं नाहीये हो. आम्ही मणक्याचे आणि बाकीचे सांधे हातांनी तपासतो, जिथे हालचाल अडकलीय तिथे नेमका, छोटा, वेगात झटका देतो, त्यालाच ॲडजस्ट करणं म्हणतात. कट् असा आवाज येतो तो हाड बसल्याचा नाही. सांध्यातल्या पाण्यात बुडबुडा होतो, त्याचा तो आवाज. पण त्याच्या आधी तासभर नुसते प्रश्न आणि तपासणी असते. त्यातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे या माणसाला आपण हात लावायचा की नाही, हे ठरवणं. हे मंडळात कोणालाच पटत नाही. हात लावायला शिकलीस ना, मग लाव.

हात तयार करायला पहिल्या वर्षी एक खेळ असतो. कागदाखाली डोक्याचा केस ठेवायचा आणि वरून बोटाने शोधायचा. एक पान झालं की दोन, मग तीन. पूर्वी म्हणे टेलिफोन डिरेक्टरीत करायचे. आता घरी डिरेक्टरी कुठून आणणार, म्हणून मी आईचं भिंतीवरचं मराठी कॅलेंडर घेतलं. आईने चतुर्थी कधी ते बघायला पान उलटलं तर खाली केस. पुढच्या पानाखाली अजून एक. दोन दिवस आई माझ्याशी हळू आवाजात बोलत होती. मग फोनवर मावशीला सांगताना मी ऐकलं, "घरात कोणीतरी काहीतरी करतंय गं."

असो. आता माझं पुढारीपण.

आमची विद्यार्थी संघटना आहे. दुसऱ्या वर्षी पहिल्यांदा मीटिंगला गेले तेव्हा कोणीतरी विचारलं, मिनिट्स कोण घेणार? माझा लॅपटॉप उघडा होता. खरं तर मी त्यावर टॉग्ज, म्हणजे पोहायचे नवीन कपडे, बघत होते. पण घेतले मिनिट्स, आणि मीटिंग संपायच्या आत सगळ्यांना ईमेल पण केले. अशा माणसाला लोक सोडत नाहीत. वर्षभरात सेक्रेटरी झाले आणि यंदा प्रेसिडेंट. व्हाइस प्रेसिडेंट विरेमू, हा माओरी मुलगा, रुंदीला माझ्या दुप्पट आणि बोलायला माझ्या निम्म्या स्पीडचा. मी दहा वाक्यं बोलते, मग तो लोकांना सांगतो, "ती नाही म्हणतेय."

आम्हाला एकच गोष्ट हवी होती. इथल्या कायरोप्रॅक्टरांची एक संघटना आहे, तिचं बोर्ड आहे. बोर्डाच्या मीटिंगला विद्यार्थ्यांना खुर्ची होती, पण निरीक्षकाची. बसायचं, सँडविच खायचं, ऐकायचं. नवीन पास झालेल्यांना सुरुवातीला कोण सांभाळणार, जाहिरातीत काय बोलायचं काय नाही, हे सगळं तिथे ठरणार, ते सगळ्यात जास्त आम्हाला लागू होणार, आणि हात वर करायचा हक्क मात्र आम्हाला नाही. आम्हाला मत हवं होतं. एक. आमच्या आधीच्या दोन बॅचनी मागून बघितलं होतं. उत्तर आलं होतं की विद्यार्थी उत्साही असतात, पण जबाबदारी वेगळी गोष्ट असते.

यंदा बोर्ड म्हणालं, हॅमिल्टनच्या वार्षिक बैठकीला या, आठ मिनिटं बोला, मग बघू.

मग आम्ही ठरवलं की जबाबदारीच दाखवू. पाच नियम लिहिले आणि सगळ्या कॉलेजच्या त्यावर सह्या घेतल्या. रजिस्ट्रेशन होईपर्यंत स्वतःला डॉक्टर म्हणवून घ्यायचं नाही. "बरं करते" म्हणायचं नाही. जादू, चमत्कार असले शब्द नाहीत. "आधी" आणि "नंतर" असे फोटो नाहीत. आणि पेशंटने केलेलं कौतुक जाहिरात म्हणून लावायचं नाही. हा शेवटचा सगळ्यांना विचित्र वाटतो. पण एकाला बरं वाटलं म्हणून दुसऱ्याला वाटेलच असं नसतं ना, आणि गोष्ट ऐकली की माणूस तेवढीच धरून बसतो. पहिली सही माझी होती. मोठी, फराट्यासकट.

आता देवधर काका. नाव बदललंय, नवीन नाव त्यांनीच निवडलंय, "जरा भारदस्त ठेव" म्हणाले. काका आणि काकू टाकानिनीला लेकाकडे सहा महिने राहायला आले होते. लेक आयटीत, दिवसभर मीटिंगमध्ये. काकू नातीशी मराठीत बोलतात, नात इंग्लिशमध्ये उत्तर देते, दोघींचं मस्त चालतं. काका एकटे कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत, म्हणजे इथल्या किराणा दुकानापर्यंत, चालत जायचे आणि वाटेत दिसलेल्या प्रत्येक पाटीवर मत द्यायचे. कारण काका महाराष्ट्रातल्या एका महापालिकेत होते, आकाशचिन्ह विभागात. मला वाटलं ग्रहतारे वगैरे. तर नाही, आकाशचिन्ह म्हणजे होर्डिंग, पाट्या आणि फ्लेक्स. नोकरीभर काकांनी एकच काम केलं, बेकायदा फ्लेक्स उतरवले.

जूनमध्ये काका क्लिनिकला आले. कंबर धरली होती. "एक झटका दे आणि मोकळं कर," म्हणाले. मी प्रश्न सुरू केले. कधीपासून, बसताना की उठताना, पायात मुंग्या येतात का, लघवीचा काही त्रास. पंधरा मिनिटांनी काका म्हणाले, "तू पोलिसात का नाही गेलीस?"

मला खटकलं होतं ते वेगळंच. येताना कॉरिडॉरमध्ये त्यांचं डावं जँडल मागे पडलं होतं, म्हणजे आपली रबरी स्लिपर, काका मोज्यांवर घालायचे. मीच ते उचलून आणलं होतं.

"हे सारखं सुटतं," काका म्हणाले. "इकडचं रबर बरोबर नाही."

"उजवं पण सुटतं का?"

"नाही. उजवं चांगलं निघालं."

मी म्हटलं, काका, जरा टाचांवर चालून दाखवा. उजव्या पायाचा चवडा वर राहिला. डाव्याचा फट्कन खाली. परत चाला म्हटलं, परत फट्कन. काकांना स्वतःला पत्ताच नव्हता, कारण पाय दुखत नव्हता, नुसता उचलला जात नव्हता. मी आमच्या सुपरवायझर हेलनना बोलावलं. त्यांनी सगळं पुन्हा तपासलं आणि मला विचारलं, "मग तू काय करणार?"

"काही नाही. आत्ताच्या आत्ता त्यांच्या डॉक्टरकडे पाठवणार."

हेलन फक्त मान हलवतात, त्यांची ती शाबासकी असते. मी चिठ्ठी टाइप केली.

"म्हणजे झटका नाही?" काका.

"नाही, काका."

"तासभर बसवलंस आणि हात पण लावला नाहीस." जँडल हातात घेऊन निघून गेले.

पुढे स्कॅन झाला, कंबरेत नस दाबली गेली होती, ऑपरेशन झालं, फिजिओ सुरू झालं. सगळं हॉस्पिटलने केलं. पाय हळूहळू उचलायला लागला. माझ्या आत्तापर्यंतच्या कामातली मला सगळ्यात अभिमान वाटणारी केस ही, आणि त्यात माझ्या हातून एकही कट् नाही.

काकांनी मात्र याचा हिशोब वेगळाच लावला.

सप्टेंबरात मनुरेवाच्या हॉलला आपला गणपती होता. हॅमिल्टनला आठवडा बाकी. मी मोदकांचा डबा घेऊन गाडीतून उतरले आणि समोर कुंपणावर मी. आठ फुटी. हात जोडलेले. हा फोटो माझ्या चुलतबहिणीच्या लग्नातला, आईनेच पुरवला होता. वर लिहिलं होतं, "मणक्याच्या जादूगार डॉ. सायलीताई यांनी आम्हास पूर्ण बरे केले, हार्दिक अभिनंदन." डावीकडे काका काठी घेऊन, खाली "आधी". उजवीकडे काका काठीशिवाय, खाली "नंतर". नातीला वाचता यावं म्हणून सगळं खाली इंग्लिशमध्ये पण. आणि तळाला शुभेच्छुक, अकरा गोल फोटो, त्यातल्या चौघांनी गॉगल लावलेला.

मी उभ्या उभ्या मोजले. पाचच्या पाच नियम. एका फ्लेक्सवर. मुद्दाम करायचं म्हटलं असतं तरी जमलं नसतं.

आणि मग मी काय केलं? हसले. काकांनी शाल घातली, नारळ दिला, फ्लेक्सखाली उभं केलं, कोणीतरी म्हणालं "इकडे बघा", आणि मी हसले. फार छान वाटत होतं हो, खोटं कशाला सांगू. तासाभरात फोटो मंडळाच्या पेजवर आणि त्यावर हीप्स, म्हणजे ढीगभर, लाइक्स.

विरेमूचा मेसेज आला, "शाल छान आहे." मग, "आठ फूट?" मग, "सायली, खालचं इंग्लिश मी वाचलं."

मी त्याला फोन केला. म्हटलं, फोटो काढायला सांगते, हॅमिल्टनमध्ये कोण बघतंय मराठी मंडळाचं पेज, आणि फ्लेक्स काय, विसर्जन झालं की उतरेलच. तो म्हणाला, "हो, उतरेल." माणूस गप्प बसला की मला फार बोलायला होतं, मी पाच मिनिटं बोलले, आणि बोलता बोलता मलाच कळलं की नाही, असं चालणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरतीच्या आधी काकांना हॉलच्या बाहेर गाठलं. नियमांचा कागद दाखवला. काकांनी चष्मा लावून तो वाचला, फ्लेक्सकडे बघितलं, परत वाचला.

"चांगलंच लिहिलंय ना मी तुझ्याबद्दल?"

"म्हणूनच प्रॉब्लेम आहे, काका. आणि मी तुम्हाला बरं केलेलं नाही. मी फक्त पाठवलं."

"पाठवायलाच कोणी तयार नसतं गं." मग कुंपणाकडे बघत म्हणाले, "आयुष्यभर दुसऱ्यांचे फ्लेक्स उतरवले. आमदार, नगरसेवक, कोणाचा तरी लाडका भाचा. स्वतःहून एक लावावा असं कोणासाठी वाटलं नाही. हा पहिला."

मी नियमांच्या कागदाची घडी घातली. म्हटलं, "सॉरी, काका. राहू दे मग—"

"राहू दे काय?" काकांचा आवाजच बदलला. "नियमात बसत नाही ना? मग तोंडी काय सांगतेस. लेखी नोटीस दे. तोंडी सांगण्यावरून मी कोणाचा फ्लेक्स उतरवला नाही, माझा पण उतरवणार नाही."

मी फोन काढला. काका सांगत गेले, मी टाइप करत गेले. प्रति. विषय. संदर्भ. "वरती जावक क्रमांक टाक."

"आमच्या संघटनेने कधी कोणाला नोटीसच दिली नाहीये, काका."

"मग एक टाक. मुदत किती देतेस?"

"दोन दिवस?"

"नरम आहेस. 'तात्काळ' लिही."

हॉलच्या ऑफिसमधून प्रिंट काढली. काकांनी "मिळाली" लिहून सही केली, तारीख, वेळ घातली. मग स्वतः शिडीकडे निघाले तेव्हा मात्र मी आडवी उभी राहिले, म्हटलं, ऑपरेशनला अजून तीन महिने पण झाले नाहीत. कालच्या फोननंतर विरेमू आला होताच, तो चढला. काका खालून मराठीत सूचना देत होते, "खालच्या दोऱ्या आधी सोडू नकोस, वारा भरतो, वरून गुंडाळत ये." विरेमूला मराठीचं अक्षर येत नाही, पण त्याने बरोबर तसंच केलं. काका म्हणाले, "हा पोरगा आमच्या खात्यात हवा होता."

गुंडाळी माझ्या हातात देऊन म्हणाले, "जप्त माल. पावती दे."

काकांनी आरतीला टाळ घेतला पण वाजवला नाही. ते मला दिसलं.

हॅमिल्टनला आम्ही गाडीने गेलो. फ्लेक्स डिकीत होता. विरेमू म्हणाला, "सांगणार ना?" मी म्हटलं, बघू, विचारलं तर. हे मला अजून टोचतं. विचारलं तर.

आठ मिनिटं मी मस्त बोलले. थोडी फास्ट, साडेपाचमध्येच संपलं. नियम दाखवले, सह्या दाखवल्या. बोर्डाच्या अध्यक्ष मार्गरेट, सत्तरीच्या, ताठ बसणाऱ्या, ऐकत होत्या. त्यांच्या शेजारच्या मिशीवाल्या गृहस्थांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "नियम लिहिणं सोपं आहे. तुम्ही तो कधी कोणाला लावलाय का?"

मी विरेमूकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

"हो," मी म्हटलं. "मला."

विरेमू उठला, डिकीतून गुंडाळी आणली आणि बोर्डाच्या टेबलावर उलगडायला लागला. सँडविचचे ट्रे हलवावे लागले. माझं तोंड एका टोकाला आणि काका "नंतर" दुसऱ्या टोकाला. मार्गरेट उठून टेबलाच्या कडेकडेने चालत पूर्ण वाचत गेल्या. कोणी हसेना. मला वाटलं, संपलं.

"हे खाली छोटे लोक कोण आहेत?" त्यांनी विचारलं.

"शुभेच्छुक. म्हणजे ज्यांना माझं चांगलं व्हावं असं वाटतं ते."

"आणि यांनी गॉगल का लावलाय?"

"ते मला पण माहीत नाही."

तिथे पहिल्यांदा मिशी हलली. मग मी नोटीस काढली, इंग्लिश करून वाचून दाखवली, जावक क्रमांकासकट. हे पण सांगितलं की आधी मी फोटो लपवायचा विचार केला होता आणि फ्लेक्स आत्तापर्यंत डिकीत होता. मार्गरेटनी विचारलं, पेशंटला नक्की काय झालं होतं? मी जँडलची गोष्ट सांगितली. "तू ॲडजस्ट का नाही केलंस? त्यांना तेच हवं होतं."

"हो, त्यांना तेच हवं होतं, त्यांच्या पायाला नाही," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं उत्तर एका वाक्यात संपलं.

आम्हाला बाहेर बसवलं नाही, समोरच हात वर झाले. एकेक करत सगळे. मिशीवाल्यांचा सगळ्यात शेवटी आणि अर्धाच, पण गेला. वर्षभरासाठी, ट्रायल म्हणून, विद्यार्थ्यांना एक मत. विरेमू फ्लेक्स गुंडाळत म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे एकदम मस्त. त्याच्या मानाने ते मोठं भाषण होतं.

फ्लेक्स आता आमच्या स्टुडंट रूममध्ये आहे, उलटा. मोडक्या टेबलावर आच्छादन म्हणून. जप्त माल परत द्यायचा नसतो, असं काकांनीच सांगितलंय.

पण काका ते काका. जायच्या आधी त्यांचा अर्ज आला. टाइप केलेला, "विषय: सुधारित फ्लेक्स लावण्यास परवानगी मिळणेबाबत." नवीन मजकूर असा: "सायली (विद्यार्थिनी) यांनी मला हात लावला नाही व वेळेत डॉक्टरांकडे पाठवले." डॉक्टर नाही, जादू नाही, आधी-नंतर नाही, बरं केलं नाही. शुभेच्छुकांत विरेमू वाढलेला, गॉगल घालून. हा गॉगलवाला फोटो त्याने मला न सांगता पाठवला होता.

तीन दिवस मी तो अर्ज उघडून बघत होते. इतका खरा फ्लेक्स जगात कधी झाला नसेल. पण पेशंटने केलेलं कौतुक ते कौतुकच ना. मग लिहिलं, जावक क्रमांक २, परवानगी नाकारण्यात येत आहे.

कागद द्यायला मी स्वतःच गेले. टाकानिनीला त्यांच्या ड्राइव्हवेत लेक बॅगा गाडीत भरत होता, काकू नातीला पापा देत होत्या. काकांनी नोटीस वाचली, घडी घालून खिशात ठेवली.

"तीन दिवस लावलेस."

"हो."

"चालेल. मी माझ्या पहिल्या नोटिशीला आठवडा लावला होता." मग म्हणाले, "म्हणजे तुझ्याबद्दल मी एक शब्द बोलायचा नाही."

"लावायचा नाही, काका. बोला की घरात."

"नको. नियम म्हणजे नियम." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मोज्यांवरची जँडल्स जरा नीट केली, आणि घराच्या दारापासून गाडीपर्यंत सगळा ड्राइव्हवे टाचांवर चालत गेले. दोन्ही चवडे वर. डावा जरा कमी, पण वर. शेजारचा माणूस कचऱ्याचा डबा ओढता ओढता थांबून बघत राहिला.

एकही जँडल सुटलं नाही. काका एक शब्द बोलले नाहीत, गाडीत बसले आणि दार लावून घेतलं.

मी नियमांचा कागद परत एकदा बघितला. पेशंटने टाचांवर चालू नये असं त्यात कुठेही नाहीये.